भांडारकर प्रतीत ‘नाही’ म्हणजे नेमकं कुठे नाही?

दर दोन-चार महिन्यांनी हा वाद नव्याने पेटतो. कुणीतरी लिहितो, “द्रौपदीने कृष्णाचा धावा केला हे मूळ महाभारतात नाहीच, भांडारकर प्रत पाहा.” लगेच दुसरीकडून उत्तर येतं, “पुण्यात बसून चार पंडितांनी व्यासांना कात्री लावली, ती प्रत आम्ही मानत नाही.” (भांडारकर प्रत म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून छापलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती.) दोघांपैकी कुणी त्या प्रतीचं एक पानही उघडलेलं नसावं, अशी शंका पहिल्या दोन ओळींतच येते. ते पान ज्याने एकदा नीट पाहिलंय, तो ‘भांडारकर प्रतीत नाही’ असं मोघम बोलायला बिचकेल. कारण त्या पानाला वरचा भाग आहे आणि खालचाही आहे, आणि वर नसलेलं पुष्कळ काही खाली असतं.

पानाच्या वरच्या भागात ठळक टायपात श्लोक असतात. हा संपादकाने पोथ्या ताडून सिद्ध केलेला पाठ. त्यातल्या काही अक्षरांखाली नागमोडी रेघ दिसते. तिचा अर्थ, इथे संपादकाची पुरती खात्री नाही. मग आडवी रेघ, आणि तिच्याखाली बारीक टायपात पाठभेद: कोणत्या पोथीत या शब्दाऐवजी कोणता शब्द आहे, कुणी ओळ गाळली, कुणी दोन श्लोकांची अदलाबदल केली. पोथ्यांना लिपीवरून अक्षरं दिलेली आहेत. ‘श’ म्हणजे काश्मीरची शारदा लिपी, ‘के’ म्हणजे काश्मिरी परंपरेच्या देवनागरी पोथ्या, ‘टी’ तेलुगू, ‘जी’ म्हणजे तमिळ प्रदेशात संस्कृत लिहायची ग्रंथ लिपी, ‘एम’ मल्याळम; पुढचा आकडा त्या गटातल्या पोथीचा. याच बारीक टायपात मधूनमधून तारांकित क्रमांकाचे उतारे येतात. एका गटाच्या पोथ्यांत आहेत पण सगळ्या पोथ्यांना समान नाहीत, असे हे श्लोक. उतारा फार लांब असला तर तो पर्वाच्या शेवटी परिशिष्टात जातो. फेकलं काहीच जात नाही. कात्री लावल्याची तक्रार करणाऱ्यांनी हे एवढं तरी पाहावं. महाभारताच्या नावावर जमलेला इतका ऐवज एकाच जागी, पोथीच्या पत्त्यासकट, याआधी कुणीच छापला नव्हता.

हे काम १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते सुरू झालं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली होती. पहिल्या काही वर्षांत गाडं फारसं सरकलं नाही. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला पद्धत आली. केंब्रिजला गणित शिकलेला आणि नंतर बर्लिनला प्राध्यापक ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत संशोधनात मुरलेला हा माणूस, त्यामुळे पद्धतही तशीच काटेकोर. एका श्लोकाला एक मोठा कागद. माथ्यावर प्रचलित पाठ (सतराव्या शतकातल्या नीळकंठाच्या टीकेबरोबर चालत आलेला), खाली चौकटी. एकेक पोथी वाचत जायचं आणि फरक पडेल ते अक्षर त्या त्या चौकटीत लिहायचं, अगदी अक्षर न् अक्षर. किमान दहा पोथ्या तरी ताडायच्याच, काही भागांना साठपर्यंत. पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही हे ताडून पाहण्याचं काम चाले. आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्या ठाऊक होत्या, त्यांतल्या ६० निवडून १९३३ साली ते पर्व पूर्ण झालं. सुखठणकर १९४३ साली गेले. पुढे बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी काम नेलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्ततेची घोषणा झाली, तेव्हा एकूण १,२५९ पोथ्या पाहून झाल्या होत्या आणि १९ खंड उभे होते.

आता खरा प्रश्न. एखादा उतारा वर ठेवायचा की खाली, हे ठरवलं कशावरून? गाळलेल्याची चर्चा सगळे करतात. कशामुळे गाळलं याची क्वचित होते.

सुखठणकरांचा मुख्य आधार साधा होता. काश्मीरची शारदा परंपरा आणि केरळची मल्याळम परंपरा ही देशाची दोन टोकं. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध कमीत कमी. दोन्हीकडचा पाठ जिथे जुळतो, तिथे तो दोघींच्या समान पूर्वजाकडून आलेला असणार, कारण इतक्या दूरच्या लेखनिकांना एकच भर एकाच जागी स्वतंत्रपणे सुचणं कठीण. उलट एखादी कथा फक्त बंगाली पोथ्यांत असेल, किंवा फक्त उत्तरेकडच्या देवनागरी पोथ्यांत, तर ती नंतर तिथे शिरलेली असण्याचा संभव जास्त. याच्या जोडीला लेखनिकाचा स्वभाव. महाभारत नकलणारा माणूस श्रद्धेने नकलतो. दुसऱ्या पोथीत चार श्लोक जास्त दिसले तर तो ते घेतो, सहसा सोडत नाही. म्हणून पोथ्या फुगत जातात. सोडण्याची चूक होते ती वेगळ्या कारणाने: दोन ओळींचा शेवट सारखाच असेल तर नजर पहिल्या ओळीवरून थेट दुसरीच्या पुढे उडी मारते आणि मधला मजकूर राहून जातो. असं गळणं ओळखू येतं, कारण अर्थात भोक पडतं. मुद्दाम घातलेली भर काढून टाकली तर मात्र बहुधा भोक पडत नाही, उलट दोन्हीकडचे श्लोक पुन्हा नीट जुळतात.

आदिपर्व छापून झाल्यावर या पद्धतीची एक अनपेक्षित परीक्षाही झाली. नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांनी आदिपर्वाच्या एका जुन्या नेपाळी पोथीतले पाठ पुण्याला पाठवले. ही पोथी संपादनाच्या वेळी हाताशी नव्हती. सुखठणकरांनी खाली टाकलेले कित्येक उतारे तिच्यातही नव्हते. पुण्याच्या टेबलावर तर्काने जे ठरवलं होतं, त्याला बाहेरचा साक्षीदार मिळाला.

पण साक्षीदार मिळाला म्हणून वरचा पाठ म्हणजे व्यासांचं हस्ताक्षर होत नाही. सुखठणकरांनी स्वतः १९३३ च्या प्रस्तावनेत दावा किती केला? उपलब्ध पोथ्या जितकं मागे जाऊ देतात तितक्या जुन्या रूपापर्यंत, थोड्याफार विश्वासाने पोहोचण्याचा प्रयत्न. बस, एवढाच. ताडलेल्या बहुतेक पोथ्या गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या. त्यांचा समान पूर्वज त्यांच्यापेक्षा बराच जुना खरा, पण महाभारताची घडण त्याच्याही आधीची. ‘मूळ महाभारत’ हा शब्द संपादकाने वापरायचं टाळला आणि आपण तो फॉरवर्डमध्ये बिनदिक्कत वापरतो.

तीन ठिकाणं जरा जवळून पाहू, कारण ‘नाही’ तिन्हीकडे वेगवेगळं आहे.

पहिलं वस्त्रहरण. सभापर्व संपादित केलं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी. त्यांच्या सिद्ध पाठात ६१ व्या अध्यायात दुःशासन भर सभेत वस्त्र खेचू लागतो आणि लगेच पुढचा श्लोक येतो: “आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते। तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः॥” वस्त्र ओढलं जाताना तसंच दुसरं, पुन्हा पुन्हा प्रकट झालं. कुणी पुरवलं, याबद्दल एक अक्षर नाही. ‘गोविंद द्वारकावासिन्’ हा धावा खाली तळटीपेत आहे. इथवर पहिल्या बाजूचं म्हणणं बरोबर. पण इथेच थांबलं तर चूक होते. उद्योगपर्वाच्या ५८ व्या अध्यायात कृष्ण म्हणतो: “ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति। यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम्॥” मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंदा’ म्हणून टाहो फोडला, ते ऋण वाढत चाललंय, मनातून जात नाही. हा श्लोक सिद्ध पाठात आहे, वरच्या ठळक टायपात. म्हणजे सभापर्वाचा सिद्ध पाठ धाव्याबद्दल गप्प आहे आणि उद्योगपर्वाच्या सिद्ध पाठाला तो ठाऊक आहे. याचा उलगडा दोन प्रकारे होतो. एकतर हा श्लोकही नंतरचा, पण इतका लवकर शिरलेला की सगळ्या पोथ्यांत पसरला. किंवा धाव्याची आठवण जुनीच, आणि सभापर्वातले सविस्तर श्लोक त्या आठवणीवर पुढे रचलेले. कोणताही उलगडा घ्या, ‘भांडारकर प्रतीत कृष्णाचा संबंध नाही’ हे विधान टिकत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या प्रचलित पाठाचा हवाला दुसरी बाजू देते, त्यातही धावा झाल्यावर द्रौपदीला वस्त्रांनी झाकतो तो धर्म, ‘अन्तरितो महात्मा’, गुप्त राहून. वरून साड्या सोडणारा चित्रातला कृष्ण दोन्ही पाठांपेक्षा सोपा आहे.

दुसरं कर्णाचं. स्वयंवरात कर्ण धनुष्याला प्रत्यंचा चढवतो आणि द्रौपदी मोठ्याने म्हणते, “नाहं वरयामि सूतम्”, मी सूताला वरणार नाही. मराठी वाचकाच्या मनात हा प्रसंग कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी इतका कोरलाय की तो तळटीपेत आहे म्हटल्यावर माणसं दुखावतात. पण प्रचलित पाठच जरा पुढे वाचा. अर्जुन ब्राह्मणवेषात उठतो तेव्हा भोवतालचे ब्राह्मण कुजबुजतात: जे धनुष्य कर्ण-शल्यांसारख्या राजांनाही वाकवता आलं नाही, ते या पोराला कसं जमणार? ‘यत्कर्णशल्यप्रमुखैः पार्थिवैः’ हा श्लोक दोन्ही पाठांत आहे. आता, कर्णाने धनुष्य सज्ज केलं होतं की त्याला ते वाकवता आलंच नाही? प्रचलित पाठात दोन्ही एकदम आहेत आणि एकमेकांना खोडतात. ही जोडाची शिवण आहे. अपमानाचा प्रसंग घालणाऱ्याने पुढची कुजबुज दुरुस्त करायची राहून गेली. संपादकाने इथे जातीचा मुद्दा लपवला असा आरोप होतो तेव्हा म्हणावंसं वाटतं, बाबांनो, कर्णाला सूत म्हणून हिणवण्याचे प्रसंग सिद्ध पाठात इतरत्र आहेतच. आदिपर्वातली शस्त्रपरीक्षा वाचा, भीम काय बोलतो ते पाहा.

तिसरं अगदी वेगळं. “अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च.” भाषणांत, फलकांवर, ‘महाभारत’ असा शिक्का मारून फिरणारी ही ओळ. पहिला अर्धा खरा: आदिपर्वाच्या ११ व्या अध्यायात आहे, अनुशासनपर्वाच्या ११६ आणि ११७ व्या अध्यायांत तो पुन्हा पुन्हा येतो, आणि तिथे पुढे येतं ‘तथाहिंसा परो दमः’, ‘तथाहिंसा परं तपः’ अशा चालीचं. म्हणजे अहिंसा हाच श्रेष्ठ संयम, हेच श्रेष्ठ तप. ‘धर्महिंसा’वाला दुसरा अर्धा वर नाही, खाली नाही, नीळकंठाच्या पाठातही नाही. द्रौपदीच्या तोंडचं ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हेही तसंच. टीव्हीच्या मालिकेने ते घरोघरी पोहोचवलं. सभापर्वात दुर्योधन बापाकडे गाऱ्हाणं करतो की कृष्ण, अर्जुन आणि बायकांसह द्रौपदी मला हसली. हसली एवढंच.

तर ‘नाही’चे असे प्रकार पडतात, आणि वादाचा अर्धा गोंधळ ते एकत्र कालवल्यामुळे होतो. तळटीपेतला उतारा म्हणजे शेकडो वर्षं कुठल्यातरी प्रांतात पोथीत लिहिला गेलेला, वाचला गेलेला, कीर्तनात गायला गेलेला महाभारताचाच भाग. त्याचं वय कमी, इतकंच. त्याला ‘प्रक्षिप्त’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकताच लोक ‘खोटं’ असा अर्थ घेतात. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही कथा आदिपर्वाच्या पहिल्याच परिशिष्टात आहे. ती उत्तरेकडच्या ठराविक पोथ्यांतून पसरली. म्हणून काय तिचं सांस्कृतिक आयुष्य रद्द झालं? आपल्याकडचं जांभूळ आख्यान तर संस्कृत महाभारतातलंच नाही, तरी गोंधळी ते रात्र रात्र रंगवतात आणि त्याची कुणी पोथी मागत नाही. भांडण सुरू होतं ते पुरावा म्हणून श्लोक पुढे केला की. ‘प्राचीन काळी असं होतं’ किंवा ‘शास्त्राची अशी आज्ञा आहे’ असं म्हणायचं असेल, तर श्लोकाचं वय सांगावंच लागतं. आणि तिथे सोयीप्रमाणे प्रत बदलता येत नाही. कर्णाच्या अपमानासाठी प्रचलित पाठ आणि धाव्याच्या वेळी भांडारकर प्रत, असा खेळ दोन्ही बाजू करतात.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो रस्त्यावरच्या भांडणातला नाही. फ्रेंच संस्कृतज्ञ सिल्व्हां लेव्हींनी १९२९ सालीच सुचवलं होतं की नवा पाठ रचू नका. नीळकंठाचा प्रचलित पाठ वर छापा आणि सगळे पाठभेद खाली द्या. पुढे फ्रान्सच्याच अभ्यासक मादलेन बियार्दो यांनीही या प्रकल्पावर कडक टीका केली. त्यामागचा विचार असा: भांडारकरांच्या वरच्या भागातलं महाभारत जसंच्या तसं कधी कुणी वाचलेलं, ऐकलेलं नाही. ते काश्मीर-केरळच्या मेळातून तयार केलेलं आहे. नीळकंठाचं मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. आक्षेप खरा आहे. पण नीळकंठ चतुर्धरही, गोदाकाठच्या कोपरगावचा आणि सतराव्या शतकात काशीला बसून लिहिणारा हा आपला माणूस, टीकेच्या आरंभी काय सांगतो? “बहून् समाहृत्य विभिन्नदेश्यान् कोशान् विनिश्चित्य च पाठमग्र्यम्”. निरनिराळ्या देशांच्या अनेक पोथ्या जमवल्या आणि त्यांतला उत्तम पाठ ठरवला. म्हणजे ज्याला आपण परंपरेचा पाठ म्हणतो, तोही एका मराठी माणसाने टेबलावर पोथ्या मांडून निवडलेलाच. फरक इतका की नाकारलेलं त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. सुखठणकरांनी ठेवलं. लेव्हींची सूचना मानली असती तर वर सुबोध, परिचित पाठ मिळाला असता, पण कोणता श्लोक काश्मीर ते केरळ समान आहे आणि कोणता फक्त नीळकंठाकडे, हे पाहायला प्रत्येक वेळी तळटीपांच्या जंगलात शिरावं लागलं असतं. मला सुखठणकरांची निवड योग्य वाटते, एका अटीवर: खालचा भाग सोबत असला पाहिजे.

आणि नेमकी तीच अट मोडली जाते आहे. भांडारकर प्रतीचा पाठ क्योतोच्या मुनेओ तोकुनागांनी संगणकावर आणला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला, म्हणून आज कुणालाही मोबाइलवर श्लोक शोधता येतो. मोठी सोय झाली. पण लोकांच्या हातात फिरतो तो बहुधा निव्वळ वरचा भाग. नागमोडी रेघ गेली, पाठभेद गेले. संपादकाने ‘बहुधा’ म्हटलेलं वाचणाऱ्यापर्यंत ‘नक्की’ होऊन पोहोचतं. बिबेक देबरॉय यांचं दहा खंडांचं इंग्रजी भाषांतर याच सिद्ध पाठाचं. ते वाचणाऱ्याला गणपतीची कथा कुठे गेली हे कळायला तळाचे उतारे हाताशी नसतात. मग ‘कापलं’ ही भावना होणारच.

त्यामुळे कुणी श्लोकाचा हवाला दिला की तपासायचं कसं, हे इथे सांगून टाकतो. आधी प्रत विचारा, मग पर्व-अध्याय-श्लोक. प्रत न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण क्रमांक सरकतात: गीता प्रचलित पाठात भीष्मपर्वाच्या २५ व्या अध्यायात सुरू होते, भांडारकर प्रतीत २३ व्या, वस्त्रहरण तिकडे ६८ व्या, इकडे ६१ व्या, यक्षप्रश्न तिकडे ३१३, इकडे २९७. आकडा जुळला नाही म्हणून श्लोक खोटा ठरवणारेही पाहिलेत. मग शब्द शोधा, पण अख्खा चरण टाकू नका. संधी आणि पाठभेद यांमुळे शोध फसतो. त्यातला एखादा दुर्मीळ शब्द टाका. वर सापडला नाही तर तारांकित उतारे आणि परिशिष्टं पाहा. तिथे सापडला तर कोणत्या पोथ्यांत आहे ते नोंदवा. नुसत्या ‘टी’, ‘जी’ गटांत असेल तर दक्षिणेकडची भर, ‘डी’ म्हणजे देवनागरी गटातल्या नीळकंठाच्या पोथ्यांतच असेल तर कदाचित अलीकडची. आणि विषय पुन्हा जिथे येतो ती ठिकाणंही वाचा. अभिमन्यूचंच घ्या. तो सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह शिकला ही गोष्ट द्रोणपर्वाच्या सिद्ध पाठात नाही. तिथे ३४ व्या अध्यायात तो स्वतः सांगतो, ‘उपदिष्टो हि मे पित्रा’, वडिलांनी भेदायची युक्ती शिकवली, बाहेर पडायची नाही.

मराठीत हे सगळं एका पानावर देता येणं अवघड नाही. वर सिद्ध पाठाचा अनुवाद, खाली लहान टायपात तारांकित उताऱ्यांचा अनुवाद आणि तो कोणत्या प्रांताच्या पोथ्यांत आहे याची अर्ध्या ओळीची नोंद. सगळे पाठभेद द्यायची सामान्य वाचकासाठी गरज नाही, अर्थ बदलतो तेवढेच. अठराही पर्वांचा संकल्प सोडून बसण्यापेक्षा सभापर्वापासून सुरुवात करावी. भांडारकर प्रतीत त्याचे ७२ अध्याय, एका जाडसर खंडात मावतील इतके. द्यूत त्यात आहे, द्रौपदीचा सभेला विचारलेला प्रश्न आहे, धाव्याचे तारांकित उतारे आहेत, आणि परिशिष्टात दाक्षिणात्य पोथ्यांनी भीष्माच्या तोंडी घातलेलं लांबलचक कृष्णचरित्रही आहे. वर काय आणि खाली काय, हे मराठी वाचकाला एकदा एकाच पानावर दिसू दे.